लिंक स्पॅम म्हणजे काय? विकतच्या लिंकवर गूगल काय कारवाई करते?

‘१००० बॅकलिंक घ्या, महिन्याभरात गूगलच्या पहिल्या पानावर या!’ अशी जाहिरात तुम्हीही फेसबुक किंवा व्हॉट्सॲपवर पाहिली असेल. वर्ध्यातला खादी विक्रेता असो की हिंगणघाटचा बियाणे दुकानदार, नवीन वेबसाइट काढणाऱ्याला हा सौदा स्वस्तच वाटतो. पण यात पैसे तर जातातच, वेबसाइटही सर्चमधून गायब होऊ शकते. कशी, ते पाहू.

लिंकला एवढे महत्त्व का?

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल सुरू केले, ते ‘पेजरँक’ या पद्धतीच्या जोरावर. एका वेबसाइटने दुसरीला दिलेली लिंक म्हणजे जणू एक मत. मात्र सगळ्या मतांचे वजन सारखे नसते. समजा, हिंगणघाटच्या दुकानाच्या कापूस बियाण्यांवरील लेखाला एखाद्या कृषी विद्यापीठाने लिंक दिली, तर ते मत वजनदार. मते मोजली जातात म्हटल्यावर ती विकत घेणारेही आलेच.

लिंक स्पॅममध्ये काय काय येते?

- रँक वाढवण्यासाठी पैसे किंवा वस्तू देऊन लिंक घेणे
- ‘तू मला दे, मी तुला देतो’ अशी मोठ्या प्रमाणावरची देवाणघेवाण
- केवळ लिंक देण्यासाठी उभारलेल्या वेबसाइटचे जाळे
- सॉफ्टवेअर वापरून कमेंट आणि फोरममध्ये लिंक पेरणे

जाहिरात म्हणून पैसे देऊन लिंक घेण्यास मनाई नाही. फक्त तिच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी खूण हवी, म्हणजे ती मत म्हणून मोजली जात नाही.

कारवाई कशी होते?

पहिला प्रकार आपोआप होणारा. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ अपडेट आणले आणि अनेक वेबसाइट एका रात्रीत खाली घसरल्या. २०१६ पासून पेंग्विन गूगलच्या मुख्य प्रणालीचा भाग आहे. आता ‘स्पॅमब्रेन’ ही एआय प्रणालीही अशा लिंक ओळखते. बहुतेक वेळा त्या लिंक शून्य धरल्या जातात, म्हणजे दिलेले पैसे पाण्यात. याची सूचनाही येत नाही.

दुसरा प्रकार ‘मॅन्युअल ॲक्शन’. यात गूगलचे कर्मचारी स्वतः तपासणी करून कारवाई करतात. त्याची सूचना ‘सर्च कन्सोल’मध्ये दिसते. काही पाने किंवा संपूर्ण वेबसाइट खाली ढकलली जाते, कधी सर्चमधून काढूनही टाकली जाते.

मोठ्यांनाही सूट नाही

फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतील जेसी पेनी या दुकानसाखळीचा प्रकार ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केला. संबंध नसलेल्या शेकडो वेबसाइटवर तिच्या हजारो लिंक होत्या. कारवाईनंतर काही शोधांमध्ये ती पहिल्या क्रमांकावरून थेट साठ-सत्तरच्या पुढे फेकली गेली. २०१३ मध्ये ब्रिटनची फुले विकणारी इंटरफ्लोरा कंपनी काही दिवस स्वतःच्या नावाच्या शोधातही दिसेनाशी झाली होती. २०१२ मध्ये तर गूगलने स्वतःच्याच क्रोम ब्राउझरच्या पानाचे रँकिंग खाली आणले. कारण होते पैसे देऊन लिहून घेतलेल्या पोस्टमधील लिंक.

कारवाई झालीच तर?

सर्च कन्सोलमध्ये आपल्याकडे येणाऱ्या लिंकची यादी पाहा. विकतच्या लिंक काढून टाकायला सांगा. ज्या निघत नाहीत, त्या ‘डिसअव्हाउ’ टूलमध्ये नोंदवा. मॅन्युअल ॲक्शन असेल तर काय काय दुरुस्त केले ते लिहून फेरविचाराची विनंती करा. विनंती मान्य झाली, तरी खोट्या लिंकमुळे मिळालेले जुने स्थान परत मिळेलच असे नाही.

एजन्सीला काम देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: ‘लिंक कोणत्या वेबसाइटवरून येणार?’ नावे सांगायला टाळाटाळ झाली, तर पैसे देऊ नका. चूक एजन्सीची असली, तरी फटका तुमच्याच वेबसाइटला बसतो. वेबसाइट चालवणारे कोणी ओळखीचे असेल, तर त्यांनाही ही माहिती जरूर पाठवा.