आसवं आणि पखाल

पावसाळ्यात मालवणकडच्या कातळसड्यांवर ‘सीतेची आसवं’ हे फुलांचं नाव हमखास कानी पडतं. संस्कृत ‘अश्रु’, प्राकृत ‘अंसु’, मराठी ‘आसू’. त्याचंच अनेकवचन आसवं.

शास्त्रीय नावात मात्र करुणेचा लवलेश नाही. लॅटिन ‘उट्रिक्युलस’ म्हणजे छोटी पखाल. त्यावरून लिनियसने १७५३ मध्ये प्रजातीला ‘युट्रिक्युलॅरिया’ म्हटलं. वर दोन ओठांचं जांभळं फूल. खाली चिखलात मुळांऐवजी टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या. दारावरच्या केसाला सूक्ष्मजीवाचा धक्का लागला, की झडप उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो.

आज हे मराठी नाव अनेक निळ्या-जांभळ्या जातींना सरसकट चिकटतं. म्हणून नोंद करताना शास्त्रीय नावही जरूर लिहा.