काशीचे घाट आणि वेळासचा किनारा

मणिकर्णिकेपासून गंगेच्या काठाने उत्तरेकडे चालू लागले म्हणजे शिंदे घाट व संकठा घाट मागे टाकून थोड्याच वेळात भोसले घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला हा घाट, त्यावरील तटासारखी उंच दगडी वास्तू आणि लक्ष्मीनारायणाचे मंदिर यांची ओळख काशीवासी मराठी माणसास नव्याने करून देण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांनी या नदीकाठी काय काय बांधले, हे आपणांस तोंडपाठ आहे. श्रीविश्वेश्वराचे मंदिर पुण्यश्लोक अहल्याबाईंनी १७८० साली पुनश्च उभे केले. शिंदे घाट १८३० मध्ये बायजाबाईंनी बांधविला. अमृतराव पेशव्यांचे नाव राजा घाटाशी जोडलेले आहे, तर दुर्गाघाटाच्या परिसरात नाना फडणवीसांच्या नावाचा वाडा आहे. हा सारा इतिहास दगडाचा आहे आणि तो अभिमानास्पद आहे, यात संशय नाही. परंतु ज्या पाण्यासाठी हे दगड रचले गेले, त्या पाण्यात कोण राहते, याची विचारपूस आपण क्वचितच केली. प्रस्तुत लेख हा त्या उपेक्षित शेजाऱ्यांविषयीचा आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका लहान मुलीच्या प्रश्नाने. गतवर्षी कार्तिकात मंडळातील दहा-बारा कुटुंबांसमवेत आम्ही कैथीस गेलो होतो. काशीहून सुमारे ३० किलोमीटरवर मार्कंडेय महादेवाच्या या क्षेत्री गोमती गंगेस मिळते. देवदर्शन आटोपून नावेत बसलो. संगमाच्या जरा पुढे नावाड्याने इंजिन बंद केले आणि बोट दाखवून तो म्हणाला, "ऊ देखा, सोंस!" पाण्यावर करड्या रंगाची एक पाठ क्षणभर चमकली, लांब चोच दिसली, उच्छ्वासाचा आवाज झाला आणि पुन्हा पाणी पूर्ववत् झाले. मंडळी हरखून गेली. तेवढ्यात एका सभासदाच्या कन्येने विचारले, "काका, ह्याला आपल्या मराठीत काय म्हणतात?" मजजवळ उत्तर नव्हते. काशीत इतकी वर्षे काढलेल्या माणसास गंगेतल्या या प्राण्याचे मराठी नाव ठाऊक नसावे, याची मनस्वी लाज वाटली.

घरी येऊन कोश उघडले तेव्हा मोठी मौज कळली. संस्कृतातील 'शिशुमार' या शब्दापासून हिंदीतील 'सूंस' निघाला आणि त्याच शब्दापासून आपल्या मराठीतील 'सुसर' ही निघाली. गंगेच्या काठी हे नाव डॉल्फिनला राहिले. आपल्या दक्षिणेतील नद्यांत डॉल्फिन नसल्यामुळे ते मगरीच्या कुळातील प्राण्यास जाऊन चिकटले. काशीच्या नावाड्यांना विचारावे तर ते सांगतात की, वर येऊन श्वास टाकताना तो 'सूं' असा आवाज करतो म्हणून त्याचे नाव सोंस. व्युत्पत्ती कोणतीही मान्य करावी. जलचराला नाव मिळते ते त्याला पाहणाऱ्या लोकांकडून, एवढे मात्र त्यावरून कळते.

पाहणारे लोक पूर्वी होते, याचीही साक्ष आहे. गंगेचे वाहन मकर व यमुनेचे वाहन कूर्म, अशी मूर्तिकारांची परंपरा आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात ज्या श्लोकात भगवंत नद्यांतील जाह्नवी मी असे म्हणतात, त्याच श्लोकात जलचरांतील मकरही मीच असे सांगतात. नदी आणि तिच्यातील प्राणी यांची तेथे फारकत केलेली नाही. इतिहासाच्या अंगाने पाहता सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख अधिक बोलका आहे. राज्याभिषेकास २६ वर्षे झाली असता खोदविलेल्या या लेखात ज्या प्राण्यांना मारू नये त्यांची यादी आहे आणि तीत 'गंगापुपुटक' असे एक नाव येते. ते गंगेतील डॉल्फिनचेच असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे सोळाव्या शतकात बाबरानेही आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या नद्यांतील या प्राण्याची 'पाणडुक्कर' अशा अर्थाच्या नावाने नोंद केली आहे.

या प्राण्याची राहणी मोठी विलक्षण आहे. तो मासा नव्हे. तो सस्तन आहे आणि श्वासासाठी त्यास दर मिनिटा-दोन मिनिटांनी वर यावे लागते. गंगेच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसल्यामुळे ते जवळजवळ निकामी झाले असून त्यांत भिंगही उरलेले नाही. स्वतः काढलेल्या सूक्ष्म ध्वनीचा प्रतिध्वनी ऐकून तो वाट व भक्ष्य शोधतो. मादी दोन-तीन वर्षांतून एकदा, एकाच पिलास जन्म देते. यावरून ध्यानी येईल की, एक प्राणी जाळ्यात गुदमरून मेला तर त्याची भरपाई व्हावयास किती काळ लागतो. आणि जो कानांनी जगतो, त्यास यंत्रनौकांचा अहोरात्र चालणारा घरघराट म्हणजे आपणांस डोळ्यांत धूळ उडविण्यासारखेच.

आता शासनाने काय केले ते पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्यास स्थान मिळाले. १४ जून १९८६ रोजी येथीलच राजेंद्रप्रसाद घाटावर तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गंगा कृती योजनेचा आरंभ झाला. त्याच योजनेच्या अंगाने चंबळेकाठची कासवांची अंडी आणून सारनाथच्या केंद्रात उबविण्यात येऊ लागली व पिले गंगेत सोडण्यात आली. अर्धवट जळालेल्या देहांचा निचरा कासवांनी करावा, असा त्यामागील हेतू होता. १९८९ साली रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे ७ किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला. भोसले घाट या पट्ट्यातच येतो! म्हणजे तीन दशके आपण घाटावर स्नानसंध्या करीत होतो, ती एका अभयारण्याच्या दारात. किती जणांस हे ठाऊक होते? २०२० साली त्या अभयारण्याची अधिसूचना रद्द झाली आणि प्रयागराज, मिर्झापूर व भदोही या जिल्ह्यांतील सुमारे ३० किलोमीटरचा नवा पट्टा त्याऐवजी घोषित करण्यात आला. काशीतील मानवी वावराचा दाब कासवांना सोसण्यापलीकडचा आहे, असे त्यावेळी सांगण्यात आले आणि ते खोटे नव्हते. तथापि ज्या दिवशी ते अभयारण्य गेले, त्या दिवशी आपल्यापैकी कोणासही काही हरवल्यासारखे वाटले नाही, ही गोष्ट मला अधिक बोचते.

माझी तीन दशके केंद्र सरकारच्या कचेरीत गेली. कागदाची किंमत मी जाणतो. अधिसूचनेवाचून संरक्षण नाही, हे मला कोणी शिकविण्याची गरज नाही. परंतु नस्तीत जन्मलेली गोष्ट नस्तीतच मिटते, हेही मी पाहिले आहे. तिला लोकांचा पाठिंबा मिळाला तरच ती टिकते. तो कसा मिळतो, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे आणि ते दोन जुन्या, साध्या गोष्टींत आहे: व्याख्यान आणि सहल.

व्याख्यानाची गोडी मराठी माणसास लागली ती एकोणिसाव्या शतकात. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे आठच वर्षांनी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिज्ञ डॉ. सखाराम अर्जुन. आरंभी साहेबलोकांची असलेली ही संस्था कालांतराने सर्वांची झाली आणि तिच्या निसर्गफेऱ्यांतून मुंबईकरांच्या पिढ्यांनी पक्षी ओळखावयास शिकून घेतले. अलीकडे २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाचे कार्यकर्ते ओहोटीच्या वेळा पाहून नागरिकांना गिरगाव, हाजी अली, जुहू अशा किनाऱ्यांवर नेतात आणि खडकांच्या खळग्यांतील समुद्रफुले, खेकडे, गोगलगाई व क्वचित् एखादा अष्टपादही दाखवितात. ज्या पाण्यास आपण केवळ सांडपाणी समजत होतो, त्यात इतके जीव नांदतात, हे पाहून माणसे थक्क होतात, असे तेथे जाऊन आलेल्या आप्तांकडून ऐकले आहे.

परंतु सर्वांत बोधप्रद उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचे. हे मंडणगड तालुक्यातील लहानसे गाव म्हणजे नाना फडणवीसांचे मूळ गाव. ज्यांच्या नावाचा वाडा येथे दुर्गाघाटाजवळ आहे, त्यांच्या गावच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालावयास येतात. एका घरट्यात शंभराहून अधिक अंडी असतात. पूर्वी ती खणून नेऊन खाल्ली व विकली जात. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने, श्री. भाऊ काटदरे यांच्या नेतृत्वाखाली, येथे संवर्धनास हात घातला. घरट्यांतील अंडी काढून किनाऱ्यावरच कुंपण केलेल्या जागेत पुरावयाची, वर टोपली घालावयाची, सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले निघाली म्हणजे ती पाण्याकडे चालू लागतील अशी सोडावयाची, अशी ही पद्धत. काही वर्षांतच त्यास 'कासव महोत्सवा'चे रूप आले. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास दूरदूरची माणसे येऊ लागली, सकाळ-संध्याकाळ टोपली उचलण्याची वाट पाहू लागली. गावकऱ्यांनी त्यांस आपल्या घरी उतरवून घेतले, साधे जेवण वाढले, कासवाची माहिती सांगितली. अंड्यांपेक्षा जिवंत पिलाचे मोल अधिक आहे, हे गावाला कोणी भाषणाने पटवून दिले नाही; ते त्याच्या ओसरीवरच सिद्ध झाले. पुढे वनखाते आणि ग्रामस्थ यांनी हे काम आपले म्हणून चालविले आणि कोकणातील इतर किनाऱ्यांवरही ते पसरले.

येथे कोणी आक्षेप घेईल की, वेळास हे लहान गाव आणि काशी हे महानगर. तेथील कासव टोपलीखाली राखता येते, गंगेतील सूस कोण टोपलीखाली ठेवणार? आक्षेप रास्त आहे. नदीतील पाणी कमी होणे, सांडपाणी, जाळी, वाढती नौकानयने, यांवर एखाद्या मंडळाची सहल हा उपाय नव्हे. तेथे शासनच हवे, विज्ञान हवे, पैसाही हवा. पण वेळासची शिकवण उबवणीच्या तंत्रात नसून गावाच्या मनःपरिवर्तनात आहे, आणि ते काशीतही अशक्य नाही. पाटण्याचे प्राध्यापक रवींद्रकुमार सिन्हा यांनी सुसांच्या अभ्यासास व त्यांविषयीच्या लोकजागृतीस आयुष्य वाहिले. ५ ऑक्टोबर २००९ रोजी हा राष्ट्रीय जलचर ठरला, त्यामागे अशा माणसांचे श्रम आहेत. तो दिवस आता डॉल्फिन दिन म्हणून पाळला जातो. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या देशातील पहिल्या व्यापक पाहणीत नद्यांतील डॉल्फिनांची संख्या ६,३२७ अशी अंदाजिली गेली. त्यांपैकी सर्वाधिक, २,३९७, आपल्या उत्तर प्रदेशात आहेत. गंगाकाठच्या गावांतील 'गंगा प्रहरी' स्वयंसेवक त्यांवर लक्ष ठेवतात. कैथीच्या आमच्या नावाड्याने इंजिन बंद केले, ते कोणत्याही कायद्याच्या भीतीने नव्हे. सूस दिसली तर पाहुणे पुन्हा येतील, हे त्यास कळले होते. आणि खरे सांगावयाचे तर ती दिसल्यावर त्याचाही चेहरा आमच्याइतकाच उजळला होता.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक नम्र सूचना ठेवावीशी वाटते. गणेशोत्सव, कोजागरी, संक्रांतीचे हळदीकुंकू यांच्याबरोबर दरवर्षी डॉल्फिन दिनाच्या सुमारास गंगेच्या जीवसृष्टीवर एक व्याख्यान व्हावे, आणि त्यानंतर पाण्याचा जोर ओसरला म्हणजे मुलाबाळांसह एक नौकासहल. सहलीचा आरंभ भोसले घाटावरून करावा. पायऱ्यांवर प्रथम घाटाचा इतिहास सांगावा आणि मग पाण्याचा. व्याख्यानास विद्यापीठातील अभ्यासक बोलवावेत, परंतु त्यांच्या शेजारी एखाद्या वयोवृद्ध नावाड्यालाही खुर्ची द्यावी. नदीतील डोह त्याला आपल्या अंगणासारखे ठाऊक असतात. खर्च अल्प आहे. आपल्या पूर्वजांनी दगडावर जे द्रव्य वेचले, त्याच्या शतांशही लागणार नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढल्या भेटीत तिला दिले. शब्द सांगितला, शिशुमार सांगितला, सुसर कशी झाली तेही सांगितले. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "पुन्हा कधी जायचे?"

या प्रश्नाचे उत्तर मात्र एकट्याने देण्याजोगे नाही. ते मंडळाने द्यावयाचे आहे.