जे हलले, ते पुसले गेले : मांजर, खिडकी आणि छायाचित्राचा इतिहास

१/ गेल्या रविवारी सकाळी आमचा तांबूस बोका खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसला. दिवा न लावता, केवळ खिडकीच्या उजेडात, मी मोबाइलवर त्याची चौदा छायाचित्रे टिपली. त्यांतली तीन बरी निघाली. उरलेल्यांत शेपटीच्या जागी नुसता धूसर फराटा होता. छायाचित्रकलेची पहिली शंभर वर्षे अशाच फराट्याशी झुंजण्यात गेली. हा धागा त्या झुंजीविषयी आहे आणि इतिहासाचे साधन कसे वाचावे याविषयीही.

२/ अडचण मुळात दुहेरी आहे. भर उन्हाच्या तुलनेत घरातील उजेड शंभरपटीनेही कमी असू शकतो. आपले डोळे कमी उजेडाशी जुळवून घेतात, म्हणून ही तूट आपल्याला जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र ती वेळ देऊन भरून काढावी लागते. उजेड जितका कमी, तितका वेळ अधिक. आणि मांजर वेळ देत नाही.

३/ १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीची जाहीर घोषणा झाली. त्याआधीच्या वर्षी त्याने ‘बूलव्हार द्यू ताँप्ल’ या रहदारीच्या रस्त्याचे छायाचित्र घेतले होते. त्यात रस्ता जवळजवळ ओस दिसतो. घोडे, गाड्या, पादचारी सगळे तिथे असणारच. पण प्रकाश टिपायला कित्येक मिनिटे लागली आणि जे हलत होते ते पुसले गेले. ठळक उरला तो एक मनुष्य, बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला.

४/ हे तर उघड्यावरचे चित्र. घरात माणसाचे छायाचित्र घेणे याहून कठीण होते. १८४० साली पेत्झवालने अधिक प्रकाश आत घेणारे भिंग रचले, रासायनिक सुधारणाही झाल्या आणि काळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. तरीही मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. जुन्या छायाचित्रांतील माणसे इतकी ताठ दिसतात त्याचे एक कारण हेच. माणूस हा आधार सोसतो, मांजर सोसत नाही.

५/ १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेला लेप द्यायचा आणि तो ओला असतानाच चित्र घेऊन ते धुवायचे. त्या काळच्या स्टुडिओंना काचेची छपरे असत. शक्यतो उत्तरेचा उजेड घेत, कारण तो दिवसभर सौम्य आणि स्थिर राहतो. पडदे सरकवून तो कमीजास्त करता येई. खिडकीच्या प्रकाशाचे शास्त्र असे या काचघरांत घडत गेले.

६/ लहान मुलांचीही अडचण मांजरासारखीच. त्यावरचा उपाय आज पाहताना अंगावर काटा येतो. आई मुलाला मांडीवर घेऊन बसे आणि तिच्यावर खुर्चीसारखे दिसेल असे कापड टाकत. जिच्यामुळे छायाचित्र शक्य झाले, तीच चित्रातून झाकली गेली. त्या काळच्या मांजरांची जी थोडी चित्रे आढळतात, त्यांतही मांजर पुष्कळदा झोपलेले असते किंवा कोणी तरी घट्ट धरलेले.

७/ १८७०च्या दशकात इंग्लंडमधील ब्रायटन येथे हॅरी पॉइंटर याने हे गणित उलटवले. आरंभी तो दूध पिणाऱ्या, टोपलीत निजलेल्या मांजरांची चित्रे घेई. पुढे त्याने मांजरांना छोट्या तीनचाकीवर बसवले, चहाच्या भांड्यांशेजारी मांडले आणि चित्राखाली गमतीच्या ओळी छापल्या. १८८४पर्यंत अशी सुमारे दोनशे चित्रे झाली. मांजरांच्या ‘मीम्स’चा हा पूर्वज!

८/ आता रंगाची गोष्ट. त्या काळच्या काचांना निळा प्रकाश चटकन कळे. पिवळा फारसा कळत नसे आणि तांबडा जवळजवळ नाहीच. आमचा तांबूस बोका पॉइंटरच्या काचेवर काळपट उमटला असता! १८७३ साली बर्लिनच्या फोगेलला आढळले की रंगद्रव्य मिसळून काचेला इतर रंगही ‘दाखवता’ येतात. तांबड्यासह सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६च्या सुमारास.

९/ हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या पिढीच्या छायाचित्रांत लाल कुंकू काळे दिसते आणि केशरी पागोटे गडद. तेव्हा जुन्या छायाचित्रावरून वस्त्राचा रंग ठरवण्याआधी थांबावे. तिथे दिसतो तो काचेला दिसलेला रंग.

१०/ १८७१ साली मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि १८७८ साली बेनेटने तिची संवेदनशीलता कितीतरी वाढवली. आता चांगल्या उजेडात सेकंदाचा अंशही पुरे होऊ लागला. १८९४ साली मारे याने फ्रान्समध्ये उलटे सोडलेले मांजर हवेतच वळून चार पायांवर कसे उतरते, हे चित्रमालिकेतून दाखवले. पण ते बाहेरच्या लख्ख उजेडात.

११/ घरात मात्र चिकाटीला पर्याय नव्हता. अमेरिकेतील हॅरी व्हिटियर फ्रीस विसाव्या शतकाच्या आरंभी कपडे घातलेल्या पिल्लांची चित्रे काढत असे. सेकंदाचा पाचवा भाग एवढाच वेळ, तरी सुमारे दोन-तृतीयांश निगेटिव्ह टाकून द्याव्या लागत. माझी चौदांतील अकरा वाया गेली. शंभर वर्षांनंतरही हिशेब फारसा बदललेला नाही!

१२/ १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला. १९५४ साली कोडॅकची वेगवान ट्राय-एक्स फिल्म लहान कॅमेऱ्यांसाठी मिळू लागली. कॅमेरा हातात मावू लागला आणि खिडकीचा उजेड पुरू लागला. मांजर सजवण्याची वा धरून ठेवण्याची गरज उरली नाही. ते जसे होते तसे चित्रात आले.

१३/ जुन्या काचघरांचे धडे आजही लागू पडतात. दिवा बंद ठेवा. मांजराला खिडकीपाशी येऊ द्या, कारण चार पावले आत गेले की उजेड झपाट्याने घटतो. प्रकाश बाजूने पडू द्या, म्हणजे केसांचा पोत उठतो. ऊन थेट येत असेल तर पातळ पडदा ओढा. आणि जांभई, आळस, डुलकी यांची वाट पाहा. मांजर स्वतःहून थांबते ते तेव्हाच.

१४/ शेवटी एवढेच. दागेरच्या रस्त्यावर गर्दी नव्हती असे कोणी म्हणत नाही. मग आजी-पणजीच्या काळच्या छायाचित्रात मांजर नाही, खेळणारे मूल नाही, कामात गढलेली बाई नाही, म्हणून त्या घरात त्या नव्हत्या असे कसे म्हणावे? ज्यांना थांबायला सवड होती, ते साधनांत उरले. घरातला जुना अल्बम उघडाल, तेव्हा चेहऱ्यांबरोबर कडेचे धूसर फराटेही पाहा. तिथेही कोणीतरी होते.