ट्रॅक डेचा इतिहास, कुंपणापलीकडून

इंग्लंडमध्ये फील्डवर्क करत असताना मी एकदा एका स्पोर्ट्स कारमध्ये चालकाच्या शेजारच्या सीटवर बसले होते. डोक्यावर उसनं हेल्मेट, पोटात गोळा. ट्रॅकवरच्या सगळ्यात लांब सरळ पट्ट्यावर गाडी सुसाट निघाली, आणि मध्येच चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. इंजिनचा आवाज खाली आला, दोन सेकंदांनी पुन्हा चढला. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तिथे माइक आहे."

माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्या दोन सेकंदांमुळे बदललं. म्हणून आज त्याबद्दल लिहिते.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय ते सांगते. पैसे भरायचे, स्वतःची गाडी आणायची आणि शर्यतीच्या ट्रॅकवर दिवसभर पळवायची. शर्यत नाही, क्रमांक नाही. वेळ मोजायलाही सहसा मनाई असते, कारण घड्याळ लावलं की शर्यत झाली आणि विम्याचं गणित फिरलं. पुढच्याने वाट दिल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही. आणि ट्रॅकवर जाण्याआधी गाडीची आवाज-चाचणी. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात यंत्र धरतात आणि इंजिन त्याच्या कमाल फेऱ्यांच्या तीन-चतुर्थांशापर्यंत फिरवायला लावतात. आकडा मर्यादेबाहेर गेला तर गाडी कितीही महागडी असो, बाहेर. आत गेल्यावरही ट्रॅकशेजारी माइक असतात. तिथे मर्यादा ओलांडली तर काळा झेंडा दाखवून परत बोलावतात.

माझ्या पहिल्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं. त्यात गाड्या होत्या, वेग होता, विक्रम होते. प्रश्नही सरळ होता: ट्रॅक डे कधी सुरू झाले? मी 'ट्रॅक डे' हा शब्द छापील अंकांमध्ये मागे मागे शोधत गेले आणि शब्द संपला तिथे इतिहासही सुरू झाला असं धरून चालले. संशोधनाला नवीन असाल तर हा खड्डा लक्षात ठेवा. शब्द आणि गोष्ट एकाच वर्षी जन्माला येतात असं नाही. माझ्या गाइड मॅडमनी मसुद्यावर एवढंच लिहिलं, "नाव नसताना लोक हे करत नव्हते का?"

करत होते, आणि तेही १९०७ पासून. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने रस्त्यावर ताशी २० मैलांची, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली होती. गाड्या त्याहून कितीतरी जोरात पळू शकत होत्या, पण पळवायच्या कुठे? सरे परगण्यात वेब्रिजजवळ ह्यू लॉक किंग या जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने, काँक्रीटचा पावणेतीन मैलांचा ट्रॅक बांधला. तोच ब्रुकलँड्स. वळणांवर रस्ता भिंतीसारखा उभा चढत जायचा. खर्च इतका फुगला की लॉक किंग जवळजवळ बुडालाच. त्याची पत्नी एथेल हिने व्यवहार हातात घेऊन ते सावरलं, आणि १७ जून १९०७ ला उद्घाटनाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढची गाडी तीच चालवत होती. (हिच्यावर वेगळी पोस्ट लिहायची आहे, कधीपासून राहिली आहे.) शर्यती नसतील त्या दिवशी पैसे भरून तिथे स्वतःची गाडी पळवता यायची. आजचा ट्रॅक डे याहून फार वेगळा नाही.

शर्यती सुरू व्हायच्या आधीच, २८ आणि २९ जूनला, सेल्विन एज याने नेपियर गाडीत सलग २४ तास ट्रॅकभोवती फेऱ्या मारल्या. सरासरी ताशी जवळपास ६६ मैल. रात्री वाट दिसावी म्हणून ट्रॅकच्या कडेला कंदील लावले होते. मोटारींच्या पुस्तकांत हा प्रसंग विक्रम म्हणून येतो आणि परिच्छेद तिथेच संपतो. माझाही संपला होता.

पण ही रात्र वेब्रिजच्या माणसाच्या बाजूने ऐका. जून महिना, खिडक्या उघड्या, आणि कुंपणापलीकडे गाड्या अखंड घुमताहेत. ट्रॅक सुरू होऊन दोन आठवडेही झालेले नाहीत. रहिवाशांनी तक्रारी केल्या, प्रकरण कोर्टात गेलं, आणि रात्री गाड्या पळवणं बंद झालं. हा निर्बंध टिकला. फ्रान्समध्ये १९२३ पासून ल मान्सची २४ तासांची शर्यत रात्रभर चालायची. ब्रिटनमध्ये तसं काही करायचं ठरलं तेव्हा १९२९ साली ब्रुकलँड्सवर 'डबल ट्वेल्व्ह' नावाची शर्यत झाली: एका दिवशी १२ तास, रात्री गाड्या कुलपात, दुसऱ्या दिवशी उरलेले १२. मोटारींच्या पुस्तकांत ही इंग्रजांची एक गंमत वाटते. खरं तर त्या शर्यतीचा आकारच शेजाऱ्यांच्या झोपेने ठरवला होता.

१९२० च्या दशकाच्या मध्यात पुन्हा तक्रारी झाल्या आणि ट्रॅकवर सायलेन्सर सक्तीचा झाला. (आपण त्या अख्ख्या नळीलाच सायलेन्सर म्हणतो. इथे अर्थ, आवाज दाबणारा डबा.) या डब्याला पुढे 'ब्रुकलँड्स कॅन' म्हणायला लागले. माशाच्या शेपटीसारखी चपटी नळी त्याच्या मागे निघालेली दिसते. जुन्या गाड्यांचे शौकीन आज ती शोभेची वस्तू म्हणून मिरवतात. तिच्यामागे तक्रारअर्ज आहेत हे क्वचितच कोणी सांगतं.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्रुकलँड्सवरच्या शर्यती कायमच्या थांबल्या. युद्धानंतर नवे ट्रॅक आले ते बहुतांशी रिकाम्या झालेल्या लष्करी विमानतळांवर. सिल्व्हरस्टोन, गुडवुड, थ्रक्स्टन, सगळे त्यातले. धावपट्टीभोवतीचा रस्ता आयताच मिळाला.

त्यांच्यापैकीच डार्लिंग्टनजवळचं क्रॉफ्ट. तिथल्या शेजाऱ्यांनी आवाजाविरुद्ध दावा केला आणि जानेवारी २००९ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल आला. खालच्या कोर्टाने उपद्रव मान्य करून भरपाई दिली होती, पण मनाई हुकूम नाकारला होता. अपिलात तो मिळाला: ठरावीक पातळीवरचा आवाज वर्षात जास्तीत जास्त ४० दिवस. निकाल वाचताना मला एक गोष्ट उशिरा कळली. भांडण फक्त मोठ्या शर्यतींचं नव्हतंच. त्या वर्षात मोजक्याच, तारखा आधी ठाऊक. वर्षभर दिवस भरून काढत होते ते ट्रॅक डे आणि गाड्यांच्या चाचण्या. माझा विषय, ज्याला वर्तमानपत्रांत दोन ओळी मिळत नाहीत, तो कोर्टाच्या कागदांत दिवसादिवसाने, आवाजाच्या प्रतवारीसकट मोजून ठेवलेला होता.

ट्रॅकवरचे लोक यावर नेहमी एकच विचारतात: घर घेताना ट्रॅक दिसला नव्हता का? हा युक्तिवाद जुना आहे. सफोकमधल्या एका मोटारस्पोर्ट स्टेडियमच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की तुम्ही उपद्रवाजवळ नंतर राहायला आलात, एवढ्याने तुमचा दावा पडत नाही. चालकांची चिडचिड मी समजू शकते. वर्षभर पैसे साठवून एक दिवस मिळतो, आणि त्यातही माइक. पण माझ्या मसुद्यात शेजारी नव्हतेच, आणि हे चालकांशी सहमत असण्यापेक्षा वाईट होतं. मी त्यांना नाकारलं नव्हतं, मला ते दिसलेच नव्हते.

आता याची दुसरी बाजू, कारण नवा दस्तऐवज सापडला की आपण त्याच्या प्रेमात पडतो. कोर्टात जायला पैसा लागतो. वेब्रिजच्या आसपास सधन लोकांची घरं होती, म्हणून १९०७ च्या रात्रीची नोंद उरली. ज्या मजुरांनी काँक्रीट ओतून तो ट्रॅक उभा केला, त्यांना त्या रात्री झोप लागली का, हे कुठल्याच दाव्यात येत नाही. तक्रारदारसुद्धा आपल्या सोयीचंच सांगतो. त्यामुळे मी आता क्लबचं मासिक, निकालपत्र आणि स्थानिक वर्तमानपत्र एकाच तारखेला शेजारी शेजारी ठेवून वाचते. वेळखाऊ आहे. एका आठवड्याच्या कामातून कधी एकच परिच्छेद निघतो.

सुधारलेलं प्रकरण त्या सरळ पट्ट्यापासून सुरू होतं. गाडी चालवताना चालकाच्या कानात इंजिन असतं, नजर पुढच्या वळणावर असते, आणि उजवा पाय मात्र कुंपणापलीकडच्या एका घराचा हिशेब ठेवत असतो. मॅडमनी यावेळी समासात लिहिलंय, "माइक नेमका तिथेच का बसवला, ते शोध." ट्रॅकचा जुना नकाशा मागवला आहे.