मूल मैदानात नसेल तर कुठं असेल?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

साथींचा इतिहास लिहिणारे लोक रुग्ण मोजतात, मृत्यू मोजतात, लशीची तारीख लिहून ठेवतात. मैदानाच्या फाटकाला कुलूप कोणत्या दिवशी लागलं आणि कोणत्या दिवशी निघालं, ही नोंद सहसा कुणी ठेवत नाही. त्या फाटकापाशी मुलाचा हात धरून उभ्या राहिलेल्या आईबापांचा राग तर कुठल्याच दप्तरात जमा होत नाही. श्रोतेहो, आज त्या कुलपाची गोष्ट सांगायची आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बी.ए. झालो, कविता लिहितो. पण कोरोनाच्या दोन वर्षांत ज्यांच्या घरात लहान मूल होतं, त्या सगळ्यांसारखा मीही या प्रश्नापाशी अडलो आणि जुन्या साथींत तेव्हाच्या आईबापांनी काय केलं, ते शोधत गेलो.

सुरुवात करू १९१६ च्या न्यूयॉर्कपासून. त्या जून महिन्यात ब्रुकलिनमधल्या इटालियन वस्तीत लहान मुलांचे हातपाय लुळे पडू लागले. पोलिओ. उन्हाळा संपेपर्यंत एकट्या न्यूयॉर्क शहरात सुमारे नऊ हजार रुग्ण आणि दोन हजार चारशेच्या आसपास मृत्यू झाले. त्यात बहुतेक लहान मुलं. सोळा वर्षांखालच्या मुलांना सिनेमागृहात बंदी झाली. शहराबाहेर जायचं तर मुलाच्या तब्येतीचा दाखला दाखवावा लागे. शेजारच्या गावांनी वेशीवर पहारे बसवले आणि मुलं घेऊन आलेल्या गाड्या परत पाठवल्या. शाळा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडल्या नाहीत.

या हकिकतीतला एक नियम मला विसरता येत नाही. आजारी मुलाला घरी ठेवायचं असेल तर त्या कुटुंबाला वेगळा संडास हवा, मुलाची वेगळी व्यवस्था हवी, शुश्रूषेला स्वतंत्र माणूस हवं. ते नसेल तर मूल इस्पितळात न्यायचं, आईची तयारी असो वा नसो. म्हणजे श्रीमंताचं मूल घरी आणि गरिबाचं पोलिसाच्या देखरेखीखाली गाडीत. वस्त्यांमधल्या आया संतापल्या, त्यांनी दारं लावून घेतली, मुलं लपवली. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी याला अडाणीपणा म्हटलं. मला ते अडाणीपण वाटत नाही. आपल्या पोराला कुठं नेतायत आणि परत कधी आणणार, हे विचारणारी आई अडाणी कशी?

पुढं कळलं ते आणखी चमत्कारिक आहे. दाट वस्ती, घाण, परदेशी माणसं यांच्यावर सगळा दोष टाकला गेला. पण शहराच्या पाच भागांपैकी सगळ्यात विरळ वस्तीच्या स्टेटन आयलंडमध्ये रोगाचं प्रमाण जास्त निघालं. पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो आणि बहुतेक मुलांना तो होऊन गेल्याचं कळतही नाही. दाट वस्तीतल्या तान्ह्या बाळाला तो आईकडून मिळालेल्या प्रतिकारशक्तीच्या आधारानं लवकर होऊन जाई. स्वच्छ घरातल्या मुलाची आणि त्याची गाठ उशिरा पडे, तेव्हा ते संरक्षण संपलेलं असे. ज्यांच्याकडे बोट दाखवलं, ते दोषी नव्हते. पुढची चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात अमेरिकेत पोहण्याचे तलाव बंद होत राहिले. १९५२ साली तिथं जवळजवळ अठ्ठावन्न हजार रुग्ण झाले. १२ एप्रिल १९५५ या दिवशी साल्क यांची लस परिणामकारक असल्याचं जाहीर झालं, तेव्हा कुठं ती भीती ओसरू लागली.

पण त्याच न्यूयॉर्कनं दोनच वर्षांनी, १९१८ च्या इन्फ्लुएन्झात वेगळा मार्ग धरला. देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी त्या चालू ठेवल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. शहरात सुमारे दहा लाख शाळकरी मुलं, त्यातली साडेसात लाखांच्या आसपास चाळवजा कोंदट घरांत राहणारी. शाळेत उजेड आहे, हवा आहे, तपासायला डॉक्टर आणि परिचारिका आहेत. शाळा बंद केली तर मूल कुठं जाणार? त्या अंधाऱ्या खोलीत, जिन्यात, नाहीतर गल्लीत. कोपलँड यांच्यावर टीका झाली आणि त्यांचा निर्णय किती बरोबर होता याबद्दल आजही वाद घालता येईल. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मला मोलाचा वाटतो. मूल इथं नसेल तर कुठं असेल? कुलूप लावणाऱ्या प्रत्येकानं किल्ली फिरवण्याआधी हे विचारायला हवं.

रेडिओवर बोलतो आहे म्हणून १९३७ ची शिकागोची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. सप्टेंबरात शाळा उघडायच्या वेळी पोलिओ आला आणि सव्वातीन लाखांच्या घरात मुलं घरी बसली. मग शहरातल्या सहा रेडिओ केंद्रांवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे धडे सुरू झाले आणि सकाळच्या वर्तमानपत्रात त्यांचं वेळापत्रक छापून येऊ लागलं. पालकांसाठी फोनची सोय होती. फोन इतके आले की उत्तरं देणाऱ्या शिक्षकांची संख्या वाढवावी लागली. तक्रारी काय होत्या? आवाज नीट येत नाही, धडा फार भरभर जातो, मूल शंका कुणाला विचारणार, आणि ज्यांच्या घरी रेडिओच नाही त्यांनी काय करायचं? २०२० मध्ये ऑनलाइन शाळेबद्दल आपण जे जे बोललो, त्यातलं बरंच काही शिकागोच्या आईबापांनी त्र्याऐंशी वर्षं आधी फोनवर बोलून ठेवलं होतं. फरक एवढाच की तिथं तीन आठवड्यांच्या आत शाळा उघडल्या.

आता आपल्याकडे वळू. साथ आणि मैदान यांचं नातं मुंबईत उलट्या बाजूनं सुरू झालं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळाली, गिरण्या ओस पडल्या. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. काम काय, तर कोंदलेल्या वस्त्यांत हवा खेळवायची, रुंद रस्ते काढायचे, उत्तरेला नव्या वस्त्या वसवायच्या. या ट्रस्टनं जुन्या वस्त्या पाडून गरिबांना बेघर केलं, हेही खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण दादर-माटुंग्याची आखीव वस्ती त्याच योजनेतून उभी राहिली आणि पारशी कॉलनीतली फाइव्ह गार्डन्स हीसुद्धा त्याच विचाराची. महापालिकेनं १९२५ साली लोकांसाठी खुलं केलेलं आणि १९२७ साली शिवाजी पार्क हे नाव मिळालेलं मैदान त्याच परिसरात आहे. म्हणजे ज्या शहराला प्लेगनं शिकवलं की माणसाला मोकळी हवा हे औषध आहे, त्याच शहरात पुढं आलेल्या एका मोठ्या साथीनं मोकळ्या हवेलाच कुलूप लावलं. आणि कायदा कुठला? फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच प्लेगसाठी केलेला साथरोग कायदा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच बाहेर काढला गेला.

२०२० मध्ये हे कुलूप जगभर लागलं. पण आईबापांचा राग सगळ्यात मोठ्यानं ऐकू आला तो स्पेनमध्ये. १४ मार्चला तिथं आणीबाणी जाहीर झाली. मोठ्यांना कामाला, वाण्याकडे, औषधाच्या दुकानात जायची मुभा होती. कुत्र्याला फिरवून आणायची मुभा होती. मुलांना बाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. सहा आठवडे! फ्लॅटच्या बाल्कनीतून खाली कुत्री फिरताना बघायची आणि मूल विचारणार, मी का नाही? बार्सिलोनाच्या महापौर आदा कोलाऊ यांनी मुलांना मोकळं करा, अशी उघड मागणी केली. २१ एप्रिलला सरकारनं सवलत जाहीर केली, ती काय, तर आईवडील सुपरमार्केटला, बँकेत, औषधाच्या दुकानात जात असतील तर मूल बरोबर नेता येईल. म्हणजे उघड्यावर नको, बंद दुकानात चालेल. त्या दिवशी लोकांनी बाल्कन्यांत येऊन भांडी वाजवली. आपल्याकडे थाळ्या वाजल्या त्या कृतज्ञतेच्या. तिथं वाजल्या त्या रागाच्या. काही तासांत आरोग्यमंत्री साल्वादोर इया यांना निर्णय फिरवावा लागला. २६ एप्रिलपासून चौदा वर्षांखालच्या मुलांना एका मोठ्या माणसाबरोबर रोज एक तास, घरापासून एक किलोमीटरपर्यंत जाता येऊ लागलं. झोपाळे, घसरगुंड्या मात्र अजून बंदच होत्या.

इंग्लंडमध्ये गोल्फचे मैदान १३ मे २०२० ला उघडले. मुलांच्या खेळाच्या बागा उघडल्या ४ जुलैला, ज्या दिवशी दारूचे पबही उघडले. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२० मधल्या लाटेच्या वेळी दुकानं एक पंचमांश क्षमतेनं चालू ठेवली आणि मुलांच्या बागा बंद केल्या. पालक उठले, दोन्ही पक्षांच्या आमदारांनी गव्हर्नरना पत्र लिहिलं आणि आठवड्याच्या आत बागा उघडल्या. तिथल्या आयांचा मुद्दा साधा होता. ज्यांच्या घरामागं अंगण आहे त्यांना या आदेशानं काही फरक पडत नाही. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या पोराचं अंगण म्हणजे ती बाग.

आपल्याकडे भांडी वाजली नाहीत. दहा वर्षांखालच्या मुलांनी घरातच राहावं, असं मे २०२० च्या केंद्राच्या आदेशात होतं. जूनमध्ये महाराष्ट्रात मैदानावर चालायला, पळायला, सायकल फिरवायला परवानगी मिळाली; बागेतली खेळणी बंद राहिली. शाळांचे मोठे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडले, धाकट्यांचे डिसेंबरात, आणि जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा काही काळ बंद झाले. २०२० साली पहिलीत जाणाऱ्या मुलानं शाळेचं पटांगण पाहिलं ते दुसरीत असताना.

आमच्या गावात ईदगाहचं मैदान आहे. वर्षातून दोनदा तिथं नमाज होते, बाकीचे दिवस ते पोरांचं. विटांचे स्टंप, फळकुटाची बॅट. २५ मे २०२० ची रमजान ईद आम्ही घरात साजरी केली, आणि त्याचं कुणाला वाईट वाटलं तरी तक्रार कुणी केली नाही. मैदानाच्या वाटेवर मात्र बांबू आडवे बांधलेले. माझा नातू तेव्हा पाच वर्षांचा. आठ जणांचं घर, दोन खोल्या. एका दुपारी माझी मुलगी मला म्हणाली, ‘‘अब्बा, दारूची दुकानं उघडली, पन्नास माणसांत लग्नं लागतात. याचं मैदान तेवढं धोक्याचं आहे का?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतून एक जनाजा चार माणसांनी उचलून नेला होता. भीतीही खरी होती आणि तिचा प्रश्नही खरा होता.

म्हणून न्याय दोन्ही बाजूंना द्यायला हवा. मार्च २०२० मध्ये कुलूप लावणाऱ्यांना पुरतं काही ठाऊक नव्हतं. प्रयोगशाळेत हा विषाणू प्लास्टिकवर, पोलादावर तीन दिवसांपर्यंत सापडला, अशी बातमी त्याच महिन्यात आली. मग घसरगुंडी संशयित ठरली. पुढं लक्षात आलं की हा रोग मुख्यतः श्वासातून, बंद जागेतल्या हवेतून पसरतो. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी. पहिलं कुलूप अज्ञानाचं होतं, ते माफ आहे. पण ज्ञान आल्यावरही जे महिनोन्‌महिने लटकत राहिलं, त्याला काय म्हणायचं? आणि हेही सांगायला हवं की शाळा उघडल्यावर कित्येक पालकांनी स्वतःच मुलं पाठवली नाहीत. आईबाप ही काही एकाच मताची जमात नाही.

तरी एक गोष्ट न्यूयॉर्कपासून ईदगाहच्या बांबूपर्यंत सारखी दिसते. सगळ्यात आधी बंद होते ती मुलांची जागा आणि सगळ्यात शेवटी उघडते तीही मुलांचीच. कारण हॉटेलवाल्यांची संघटना असते, दुकानदारांचा मोर्चा निघतो, कारखान्याचा तोटा रुपयांत मोजता येतो. सात वर्षांच्या मुलाला मत नाही आणि त्याचं न खेळणं कुठल्या ताळेबंदात दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात एकतिसावं कलम खेळण्याच्या हक्काचं आहे, भारतानं तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. कागद आहे. त्या कागदाची आठवण करून द्यायला त्या खोलीत कुणीतरी बसलेलं हवं.

साथी पुन्हा येतील, कुलपंही लागतील, कधी लावावीच लागतील. मागणी एवढीच असावी की मैदान बंद करण्याच्या आदेशावर ते उघडण्याचा विचार कोणत्या तारखेला होणार, हे लिहिलेलं असावं, आणि तो आदेश काढणाऱ्यांनी १९१८ चा तो प्रश्न आधी विचारलेला असावा. दोन खोल्यांच्या घरातलं मूल मैदानात नसेल तर कुठं असेल? त्याचं उत्तर मंत्रालयात मिळत नसेल तर गल्लीत येऊन विचारा. तिथल्या कुठल्याही आईला ते तोंडपाठ आहे.