लंगडा आंबा : झाडाचा पसारा

वाराणसी परिसरातील जुनी कलमी जात (मँजिफेरा इंडिका, कुल अ‍ॅनाकार्डिएसी). ‘बनारसी लंगडा’ या नावाने 2023 मध्ये भौगोलिक मानांकन. पहिले झाड एका लंगड्या माणसाच्या दारी होते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. हकिकतीचे पाठ अनेक आहेत. फळाच्या वर्णनासाठी ‘आंबा’ पहा.

झाड जोमदार, मोठे, आडव्या पसाऱ्याचे. आंब्याचा मोहोर फांदीच्या शेंड्याला येतो. शेंडा मोहोरात खर्ची पडला की त्या टोकाची वाढ थांबते आणि लगतच्या डोळ्यांतून फुटवे निघतात. फांद्या अशा फाटत जातात आणि पालवी घुमटाच्या बाहेरच्या थरात गोळा होते. जुन्या लंगड्याच्या बुंध्याशी उभे राहून वर पाहिले, तर आत काळसर, उघड्या फांद्यांचा सांगाडा दिसतो. फळ सगळे वर, उन्हाच्या अंगाला. त्यात लंगडा पिकला तरी हिरवाच, त्यामुळे पाडाला आलेले फळ पानांत हुडकायला सरावलेली नजर लागते. फळ धरलेल्या टोकाला वेळेवर नवी पालवी येत नाही. झाड वर्षाआड फळते, त्याचे हे एक कारण.

इतर जातींत दशहरीचा घेर मध्यम व गोलसर, चौशाचा मोठा. नीलम आटोपशीर आणि दरसाल फळणारी, म्हणून संकरात वारंवार वापरलेली. दशहरी व नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1971 मध्ये झालेली आम्रपाली ठेंगणी असून 2.5 × 2.5 मीटरवर लावता येते; हेक्टरी 1,600 झाडे. रूढ 10 × 10 मीटर लागवडीत जेमतेम 100 बसतात. वेंगुर्ले येथे नीलम × हापूस संकरातून रत्ना (1981) मिळाली.

कोकणातला हापूसही पसरणारा, दाट पानांचा. तेथे घेर आवरण्याचे काम छाटणीपेक्षा कल्टारवर (पॅक्लोब्युट्राझोल) अधिक सोपवले जाते. ते जिबरेलिन तयार होऊ देत नाही; पेरे आखूड राहतात, मोहोर लवकर येतो. त्याच्या अतिवापराविषयी मतभेद आहेत. काढणीला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (फळ तोडून जाळीत झेलणारी काठी). रायवळ मात्र उंच वाढतो, तिथे झेलाही अपुरा पडतो.

खुंट : उत्तरेत बहुधा बीजू, म्हणजे कोयीपासून वाढवलेले रोप. दक्षिणेतील वेल्लैकोलंबन ठेंगणेपणासाठी अभ्यासलेला.