शर्यतीचे आसन
मोटारशर्यतीत चालकाला घट्ट धरून ठेवणारे, काचतंतू किंवा कार्बनच्या कवचाचे आसन. गो-कार्टला सहसा पट्टा नसतो. बरगड्या आणि कंबर आसनानेच सावरायची. ते सैल असेल तर चालक वळणावर स्टीअरिंगला लोंबकळतो आणि बरगड्या ठेचतात. शर्यतीच्या मोटारीत पट्ट्यांच्या खाचा खांद्यांच्या किंचित वर हव्यात. खाली असल्या तर धडकेत पट्टा मणक्यावर दाब आणतो. माप सूट आणि हेल्मेट घालूनच घ्यावे. साध्या कपड्यांत ऐसपैस वाटलेले आसन सूटमध्ये अडू शकते. मोटारक्रीडेची जागतिक संघटना ‘एफआयए’च्या ८८५५-१९९९ मानकानुसार आसनाची मुदत उत्पादनापासून पाच वर्षे असते. जुने आसन स्वस्तात मिळाले तरी आधी लेबलवरचे साल पाहावे.